तानुबाईचा थकवा

आटपाडीकडच्या तानुबाईनं पस्तीस वर्षं मेंढरांमागं चालून काढली. दरसाल दिवाळीनंतर कळप घेऊन कोरेगावच्या बाजूला उतरायचं, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर घरी परतायचं. दिवसाला चार-पाच कोस चालण्याचं तिला काही वाटत नसे.

गेल्या श्रावणात घरीच असताना तिची पाठ भरून आली, जबडा दुखायला लागला आणि अंग घामानं भिजलं. छातीत दुखत नव्हतं म्हणून सगळ्यांना पित्त वाटलं. सून सोनियानं मात्र ऐकलं नाही. गाडी करून सासूला मिरजेला नेलं. हार्ट अटॅकच होता. डॉक्टरांनी बंद नस उघडून स्प्रिंग टाकली आणि सहाव्या दिवशी घरी सोडलं.

भेटायला येणारे म्हणत, चेहरा तरतरीत दिसतोय. तानुबाईला मात्र न्हाणीतून चुलीपर्यंत येताना मध्ये भिंतीला टेकावं लागे. पीठ मळलं की हात गळून जात. नवरा अर्जुना म्हणे, स्प्रिंग टाकली, आता काय राहिलं? जावा म्हणाल्या, बसून खायची सवय लागली. हळूहळू तिलाही तसंच वाटू लागलं. लाजेपायी ती भरली घागर उचलायची आणि मग दुपारभर पडून राहायची.

दीड महिन्यानं तपासणीला गेल्यावर अर्जुनानंच सांगून टाकलं, की बरी आहे, कुठं दुखत नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला थांबवलं आणि तानुबाईला विचारलं, दिवस कसा जातो.

"आदी दमलं की निजायचं, सकाळी शीण उतरायचा," ती म्हणाली. "आता निजून उठल्यावरच दमल्यागत हुतंय."

बाईंनी रक्त तपासायला दिलं, गोळ्या पाहिल्या. अर्जुनाला सांगितलं, की अटॅकनंतर असा थकवा बायकांत फार दिसतो, महिनोन्‌महिने राहतो. तो आळस नव्हे. रोज थोडं चालायचं आणि दमायच्या आधीच बसायचं.

दुसऱ्या दिवसापासून पाणी अर्जुना आणू लागला. आडावरच्या बायकांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलंय, एवढंच म्हणाला.

तानुबाई आधी दारातल्या लिंबापर्यंत चालली, मग ओढ्यापर्यंत. मध्ये आठवडाभर पुन्हा लिंबापर्यंतच. दिवाळीनंतर अर्जुना आणि मुलगा कळप घेऊन निघाले, तेव्हा ती पहिल्यांदाच मागं राहिली. डांबरी सडकेपर्यंत पोचवायला गेली आणि येताना दोनदा बसली.

शिमग्याच्या सुमारास घरच्या सगळ्या भाकरी तिला एका बैठकीत थापता यायला लागल्या. दुपारी मात्र ती अजून आडवी होते. कुणी हाक मारली तर सोनिया दारातूनच सांगते, आत्या निजल्यात.