बिनशेपटाची पत्रिका

समारंभाच्या पत्रिका आणि मानपत्रं लिहिणाऱ्या म्हातारबुवांना सगळे ‘बोरू’च म्हणत. एका बाबतीत बोरू भारी खट होते. माणूस आवडला, तर त्याच्या नावातल्या शेवटच्या अक्षराला लांब, झोकदार शेपूट द्यायचे. नाही आवडला, तर अक्षर सुंदर, पण शेपूट नाही. एका बड्या साहेबांचं मानपत्र त्यांनी असंच बिनशेपटाचं करून दिलं. साहेब खूश. घरी बोरूंची बायको मात्र ते बघून म्हणाली होती, “यांच्याशी कशावरून बिनसलं हो?”

आता बोरूंचा हात थरथरायला लागला होता. जिथे चहाचा कप धरवेना, तिथे लेखणी काय धरणार. त्यांची मुलगी संगणकासाठी अक्षरं घडवायचं काम करायची. तिने बाबांच्या अक्षरावरून एक टाइप तयार केला, म्हणजे कुणीही बटणं दाबावीत आणि कागदावर बाबांचंच वळण उमटावं. बाबांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं. नमुन्याचा कागद त्यांच्यापुढे ठेवून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

बोरूंनी भिंग लावून कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. उभ्या रेघा ताठ, वळणं जिथल्या तिथे. त्यांचा ऊर भरून आला. आपण गेल्यावरही आपलं अक्षर लोकांच्या समारंभांत मिरवणार, याचं त्यांना खरंच बरं वाटलं. मग कपाळाला आठी पडली.

“शेपूट कुठाय गं?”

“मी ज्याच्यावरून घेतलं, त्यात नव्हतं, बाबा.”

“कशावरून घेतलंस?”

“माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरून. तुमच्या हातचं माझ्याकडे तेवढंच आहे.”

बोरूंनी भिंग खाली ठेवलं. ते लग्न त्यांच्या मनाविरुद्ध झालं होतं. पत्रिका लिहिली त्यांनीच, पण लेकीच्या नावाचं शेवटचं अक्षर आलं आणि लेखणी उचलून घेतली. पुढे राग कधीच निवळला, जावयाशी गट्टी जमली. पोरीच्या ते लक्षातच आलं नसेल, असं ते आजवर धरून चालले होते.

“तुला कळलं होतं?”

“या घरात वाढले मी. न कळायला काय झालं?” मुलगी साध्या आवाजात म्हणाली. बोरूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोने आतून शाईची दौत आणि जुनी लेखणी आणून ठेवली. मुलीने त्यांच्या कोपराला आधार दिला. बोरूंनी लिहिलं, ‘चिमणी’. घरात तिला हीच हाक होती. मग श्वास रोखून शेपूट ओढलं, पार कागदाच्या कडेपर्यंत. वळणावर हात हलला आणि रेघ वेडीवाकडी झाली.

“बिघडलं,” बोरू म्हणाले.

“टाइपात नीट करून घेते,” मुलगी म्हणाली. “हा कागद मात्र मी घरी नेणार.”

शाई वाळेपर्यंत ती तिथेच, त्यांच्या खुर्चीला टेकून बसून राहिली.