मनोहरच्या फोटोवर न उमटलेले ‘कै.’

मी आस्तिक आहे. नित्य स्नानसंध्या करतो, श्राद्धपक्ष पाळतो, आणि नेमक्या याच कारणाने भुताखेतांच्या कथांना मी आजवर उंबऱ्याच्या आत घेतले नाही. ज्याची शास्त्रावर श्रद्धा आहे त्याला चमत्कारांची गरज पडत नाही, असे मी वर्गात सांगत असे. तेव्हा गूढ अनुभवांच्या अशा सदरात आपण लिहावे, हे मलाच रुचलेले नाही. पण जे घडले ते भरदिवसा, घरातल्या माणसांसमोर घडले... आणि त्याचा उलगडा मला झालेला नाही.

आम्ही नांदेडचे. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो. धाकटा भाऊ मनोहर उदगीरला असे. एका पावसाळ्यात तो इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाला धबधबा पाहायला म्हणून गेला आणि परतला नाही. कातळावर चपला सापडल्या. तो सापडला नाही. शास्त्राने सांगितलेली बारा वर्षांची प्रतीक्षाही सरली. अशा माणसासाठी पालाशविधी सांगितला आहे — पळसाच्या पानांचा देह रचून त्याला अग्नी द्यायचा. त्यानंतरच त्याला पितरांत स्थान मिळते, तोवर नाही. माझा भाऊ अधांतरी तहानलेला असेल, हा विचार मला अन्नावरून उठवी. दुसरीकडे त्याची पत्नी सुमन अजून कुंकू लावत होती.

गेल्या पितृपक्षात मी तिची समजूत घातली. “तुम्ही म्हणाल तसं, अण्णा,” एवढेच ती म्हणाली, आणि उदगीरहून बसने आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीच्या घाटावर विधी ठरला होता. गुरुजींना शब्द दिलेला होता.

आमच्याकडे महालयाला सर्व पितरांचे फोटो मांडतात आणि प्रत्येकाखाली नाव लिहितात, नव्या पिढीला ओळख राहावी म्हणून. जुने फोटो विटले होते. ते स्कॅन करून, नावे घालून नव्याने छापून घ्यावेत असे ठरले. माझी मुलगी मुक्ता हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने माझ्या लॅपटॉपवर एक साधन बसवून दिले.

“बाबा, यात माउस नाही, काही नाही. काळ्या खिडकीत कमांड लिहायची, एन्टर दाबायचं. तुम्हाला आवडेल, तुमच्या सूत्रांसारखंच आहे.”

आवडलेही. कोणता फोटो, कोणता फॉन्ट, केवढी अक्षरे, कोणता मजकूर, कोठे बसवायचा — सारे एका ओळीत. अक्षरे तळाशी मध्यभागी हवी असतील तर ‘साउथ’ लिहायचे. दक्षिण ही पितरांचीच दिशा. मला बरे वाटले.

परंतु त्या साधनाने माझी सत्त्वपरीक्षा पाहिली. वडिलांचे नाव विष्णुपंत. पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसे, जोडाक्षर फुटे. पुन्हा लिहावे, पुन्हा तेच. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “जन्मभर पोरांच्या वेलांट्या सुधारल्या, आता मशीनच्या सुधारा!” शेवटी मुक्ताने फोनवरून आणखी एक शब्द कमांडमध्ये घालायला सांगितला आणि अक्षरे शुद्ध उमटली. ‘कै. विष्णुपंत’. ‘कै. राधाबाई’. काका, आत्या... एकेक फोटो सुरेख होत गेला. सुमन शेजारी बसून वाती वळत होती.

मग मनोहरचा फोटो घेतला. तीच कमांड, केवळ नाव वेगळे. एन्टर दाबले. काही तक्रार न करता खिडकीत पुढची ओळ आली, म्हणजे काम झाले. फोटो उघडला — कोरा. खाली एक अक्षर नाही.

माझीच चूक असेल म्हणून सावकाश पुन्हा लिहिले. कोरा. वडिलांच्या फोटोची चाललेली कमांड जशीच्या तशी घेऊन त्यात नुसती नावे बदलली. कोरा! रंग काळ्याचा पांढरा केला, अक्षरे दुप्पट केली, फाइलचे नाव बदलले. दुपारची कॉफी समोर निवून गेली. संयम हा माझा गुण आहे असे लोक म्हणतात. त्या दिवशी मी टेबलावर मूठ आपटली.

“एवढ्या वेळपासून एकच फोटो घेऊन काय करून राहिलात, अण्णा?” सुमनने विचारले.

मी मुक्ताला फोन लावला. तिने हैदराबादहून माझा लॅपटॉप हाती घेतला. तिनेही पाच-सहा प्रकार केले. “बाबा, असं होऊच शकत नाही,” ती वैतागून म्हणाली. मग तिने ‘कै. मनोहर’ हा मजकूर वडिलांच्या फोटोवर घालून पाहिला. तत्काळ उमटला. म्हणजे मजकूर ठीक. मनोहरच्या फोटोवर नुसतेच ‘नमस्कार’ घातले. उमटले! म्हणजे फोटोही ठीक. दोन्ही एकत्र आणले की कोरे. तिने फोटो स्वतःच्या संगणकावर नेला. तिथेही तेच.

“अहो, उद्या पेनाने लिहा की,” सौ. म्हणाल्या.

सुमनने वातींचे तबक बाजूला ठेवले. “अण्णा, त्यांच्या नावाच्या आधीचं काढून बघा.”

“सुमन, हे यंत्र आहे. त्याला कैलासवासी म्हणजे काय ते कळत नाही.”

“हाव. मग काढायला काय हरकत आहे?”

मी नुसते ‘मनोहर’ लिहिले. एन्टर दाबले. फोटोखाली, बरोबर मध्यभागी, त्याचे नाव स्वच्छ उमटले.

सुमन पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, “तुमच्या शब्दाखातर आले होते, अण्णा. पण मी उद्या घाटावर येणार नाही. तुमचं शास्त्र खोटं नाही म्हणत मी. मला कुंकू पुसायला लावू नका एवढंच.”

मला राग आला. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द — ही प्रमाणे मी शिकवली आहेत. संगणकाचा बिघाड यांपैकी कशात बसतो? असे मी तिला विचारलेही. तिने डोळे पुसले आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या. तिच्या संमतीविना विधी करणे मला मान्य नव्हते; गुरुजींना फोन करून नाही म्हणण्याची नामुष्की माझ्यावर आली.

तेव्हापासून तर्पणाला बसलो की अडतो. तिलांजली द्यावी, तर तो पितरांत नाही. दीर्घायुष्य मागावे, तर कोणत्या आधारावर? सुमन मात्र तो नुसत्या नावाचा फोटो घेऊन गेली. उदगीरला तिने तो बैठकीत लावला आहे, हार न घालता.

मुक्ताने अनेक जाणकारांना विचारले. कोणी फॉन्ट म्हणाले, कोणी फाइल म्हणाले. एकाचेही स्पष्टीकरण पडताळ्याला उतरले नाही. आता त्या साधनाची नवी आवृत्ती आली आहे. तिने ती बसवून दिली आणि म्हणाली, “बाबा, जुना दोष असेल तर यात गेला असेल. एकदा करून बघा, शंका फिटेल.”

मी संपूर्ण कमांड लिहिली, अक्षर न् अक्षर तपासली. ‘कै. मनोहर’. माझे बोट एन्टरवर होते.

उमटले, तर ते सुमनला सांगावे लागेल. मी खिडकी बंद केली.