बाजेखालचा एमआरआय

"ऑटिझम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नळदुर्गला हायवेवर माझा धाबा आहे. माझी हाक हैदराबादेत ऐकू येते असं ट्रकवाले सांगतात, मीही नाही म्हणत नाही. त्या दिवशी मात्र मी उंदराएवढ्या आवाजात विचारलं, "म्हणजे काय?"

माझी लेक रेवा चार वर्षांची. हाक मारली तर वळत नाही, बोलत नाही, धाब्यावरचे पेले रांगेत लावत बसते. ऑटिझम म्हणजे मेंदूची घडणच वेगळी. बोलणं, मिसळणं वेगळ्या वाटेनं चालतं.

"मग मेंदूचा फोटो काढा. त्यात दिसलं तर मानतो!"

"फोटो काढायचाय, पण त्यासाठी नाही," बाई म्हणाल्या. "तिला दोनदा फिटचा झटका आलाय, त्याचं कारण शोधायला एमआरआय हवा." म्हणजे मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात निजवून काढलेली चित्रं. "हलली तर भूल द्यावी लागेल."

भूल! निजली अन् उठलीच नाही तर? भूल नकोच, असं मी सांगून टाकलं.

"मशीन लई आवाज करतंय, घरी सवय लावा," सोलापूरच्या एमआरआय केंद्रातला तंत्रज्ञ म्हणाला. रेवाला बाजेखाली निजवून मी पत्र्याचा डबा असा बडवला, की टायर फुटलं समजून तीन ट्रक थांबले.

"अहो, मशीन हाय का वरात?" बायको महानंदा ओरडली. "बेतानं!"

रेवा आधी पळायची. मी तिच्या पायावर हात ठेवला की मात्र गप पडायची.

सोलापूरला मशीनपाशी तसाच हात ठेवून बसलो. ते गरजलं. रेवा दगडासारखी निश्चल. भोंग्यातून तंत्रज्ञाचा आवाज आला, "मामा, पोरगी ठीक हाय. तुमी हलू नका!"

रिपोर्ट साफ आला. मी उडालोच, "म्हणजे ऑटिझम न्हायच की!"

"गाठबीठ नाही, एवढंच," बाई म्हणाल्या. "संशोधक पुष्कळ मुलांचे मेंदू ताडून बघतायत. पण एकट्या रेवाच्या फोटोवरून ऑटिझम आहे की नाही, हे आज सांगता येत नाही. ते तिचं वागणं बघूनच कळतं."

आईबापांनो, साफ फोटो बघून माझ्यासारखं नाचू नका. बोलायला शिकवणारे उपचार सुरू करा. आम्ही रेवाला त्यासाठी धाराशिवला नेतो. बाईंचे उपकार, की त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. आमच्यामागं हिचं कसं होईल, ही भीती अजून जात नाही.

परवा रेवानं मला ओढत बाजेखाली नेलं. मी आडवा झालो. तिनं डबा बडवला. मी जरासा हललो, तसा तिचा हात माझ्या पायावर आला.