चार नंबरच्या खोलीत कोरियाची मंडळी

दशरथ कांबळे यांनी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं ट्रंक कॉल जोडले. दोन माणसं बोलत असताना ऑपरेटरनं तोंड घालायचं नाही, हा नियम त्यांनी घरीही पाळला. म्हणूनच आमचा संसार टिकला, असं त्यांची बायको कुसुम सांगे.

२००१ साली ते निवृत्त झाले आणि त्यांच्या इंग्रजीला एकाएकी भाव आला. इंग्रजी येणारी वस्तीतली सगळी तरुण मंडळी संगणकापुढे जाऊन बसली होती. मग चर्चचं काम बघणाऱ्या शेजारच्या सोजरबाई त्यांच्याकडेच आल्या. कोरियाहून चर्चची पाच माणसं सेवेसाठी आली होती. नारायण पेठेतल्या एका दवाखान्यात पाय मोडलेल्या गरीब मुलीला त्यांना भेटायचं होतं.

"अहो, पण मी बौद्ध माणूस."

"प्रार्थना आम्ही करू. तुम्ही फक्त भाषांतर करा."

चार नंबरच्या खोलीत नऊ वर्षांची राजनंदिनी पायाला वजन बांधून पडली होती. उशाशी वडील सोनबा, गळ्यात बोटभर जाड सोन्याची साखळी. आयटी कंपन्यांसाठी त्यांची जमीन गेली होती आणि पोरगी नव्या बंगल्याच्या अर्धवट जिन्यावरून पडली होती. गरीब मुलगी ही नव्हे, खोली चुकली, हे दशरथरावांनी ओळखलं. पण नियम म्हणजे नियम.

मंडळींच्या प्रमुख पार्कबाई दोन मिनिटं कोरियन बोलल्या. त्यांच्यातल्या एकानं त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी केलं. दशरथरावांनी मराठी केलं, "देव तुमच्या डोक्यावर छप्पर देवो."

"कितवं?" सोनबा म्हणाले. "तीन हायती."

हे उत्तर कोरियनमध्ये पोहोचेपर्यंत त्याचं काय झालं कोण जाणे, पार्कबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दहा किलो तांदूळ आणि एक ब्लँकेट पुढे केलं. पाव्हणं परदेशातनं तांदूळ घेऊन आलं, म्हणून सोनबाही गहिवरले. त्यांनी ड्रायव्हरला पिटाळलं. अर्ध्या तासात पाच फेटे, पाच शाली, पाच नारळ हजर! रीतसर सत्कार झाला. मग फेटे बांधूनच कोरियन मंडळी प्रार्थनेला उभी राहिली. "आमेन" झाल्यावर सोनबांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात राजनंदिनीनं दशरथरावांची बाही ओढली. "आजोबा, माझा पाय वाकडा ऱ्हाईल का? कुनीच सांगत न्हाई."

"असलं बोलू नगं," सोनबा दटावू लागले.

"थांबा," दशरथराव ताडकन म्हणाले. "तिचा कॉल आहे."

प्रश्न दोन भाषा ओलांडून गेला. पार्कबाईंनी पॅन्टचा पाय वर सारला. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जुना व्रण होता. त्या लंगडत खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. फेट्याचा तुरा प्रत्येक पावलाला डुलत होता.

"त्या म्हणतात, माझा राहिला वाकडा. फार काही अडलं नाही."

"पुन्हा चाला," राजनंदिनी म्हणाली.

पार्कबाई सात वेळा चालल्या. सातव्या फेरीला फेटा डोळ्यांवर आला आणि त्या पलंगावर आदळल्या. पोरगी इतकी हसली की पायाचं वजन हिंदकळलं आणि सिस्टरनं सगळ्यांना बाहेर काढलं.

ते तांदूळ सोनबांनी शिजवून अख्ख्या दवाखान्याला जेवू घातले. राजनंदिनीचा पाय अर्धा इंच आखूड राहिला. वर्गातल्या मुलींनी विचारलं तेव्हा तिनं ठणकावून सांगितलं, "कोरियात सगळे असेच चालतात."