चपला दारात, माणूस गायब

भाची मानसशास्त्र शिकते. परवा म्हणाली, "मावशी, माणूस काही न सांगता गायब होतो ना, त्याला घोस्टिंग म्हणतात. जवळीक वाढली की काहींना धास्तीच बसते. आणि ज्याला टाकलं, तो बिचारा स्वतःतच खोट शोधत बसतो." म्हटलं, बाई गं, आमच्या नाशकात याला 'घरी नाहीये' म्हणायचे.

आणीबाणी नुकतीच उठली होती आणि माझं लग्न ठरलं होतं. मुलगा सातपूरला कारखान्यात. पसंती झाली, साखरपुड्याचं बोलणं झालं. दर रविवारी स्वारी आमच्याकडे चहाला. काही महिने आमची साखर संपवली आणि एका रविवारी आलाच नाही. पुढच्याही नाही. आई म्हणे, "पाळी बदलली असेल." वडील त्याच्या घरी जाऊन आले. त्याची आई दारातूनच म्हणाली, "घरी नाहीये." आणि ह्याच्या चपला? दारात!

मला फक्त हो किंवा नाही, एक शब्द हवा होता. त्याशिवाय दुसरं स्थळ बघता येईना. मी शाळेत शिकवायचे. फळ्यावर लिहिता लिहिता डोक्यात तेच. मी जास्त हसले का? चहा पातळ झाला होता का? झोप उडाली, अन्न जाईना. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. शेजारच्या काकूंनी सोळा सोमवार सांगितले. वर "मुलीतच काहीतरी असेल" हेही सांगितलं, गल्लीभर. म्हणजे आजार त्याला आणि औषध मला! असा संताप आला म्हणून सांगू!

शेवटी मीच गेले, भर दुपारी. चपला जागच्या जागी.

"घरी नाहीये गं," त्याची आई म्हणाली.

"असू दे काकू, बसते. येतील."

बाहेरच्या खोलीत ठाण मांडलं. त्या पदरानं घाम पुसत बसल्या. थोड्या वेळानं मागच्या दाराची कडी वाजली. खिडकीतून बघते तर काय, स्वारी जेवणाचा डबा घेऊन बसस्टॉपकडे पळतेय, अनवाणी! रस्ता तापलेला, एक पाय टेकवतोय, एक उचलतोय. एक 'नाही' म्हणण्यापेक्षा तळपाय भाजलेले परवडले त्याला. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं.

डोळे पुसून उठले. "काकू, ते आले की सांगा, मी नाही म्हटलंय. आणि चपला आत घ्या, कुत्रं नेईल."

घरी आले आणि आईला म्हटलं, "वाढ. भूक लागलीये."