नांदगावचं सुतक

दिंडोरीच्या हिरामण निरगुडेच्या घरची एक दिवाळी कढईतच राहिली. साल पंचाण्णव. चकल्यांचा पहिला घाणा तेलात होता आणि शेजारच्या दुकानात नांदगावहून फोन आला, भिमाजीची आई गेली. नांदगावचे निरगुडे म्हणजे भाऊबंद. जुन्या दुष्काळात दोन भाऊ पांगले, धाकटा तिकडे गेला, असं म्हातारी माणसं सांगत. म्हणजे दहा दिवस सुतक. हिरामणच्या बायकोने, बयाबाईने, कढई उतरवली. पोरांनी शेजाऱ्यांचा फराळ खाल्ला.

भिमाजीही तसाच. हिरामणचे वडील गेले तेव्हा नांदगावचं बियाण्यांचं दुकान बंद ठेवून तो इथं आलेल्या-गेलेल्याला पाणी देत होता, आणि दहाव्याला रामकुंडावर हिरामणच्या शेजारी डोकं भादरायला बसला होता.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात हिरामणचा पुतण्या ललित अमेरिकेहून तपासणीची दोन पाकिटं घेऊन आला. बापाकडून मुलाकडे उतरणारी एक खूण असते, दोन घरं एका पुरुषाची आहेत की नाहीत ते तिच्यावरून कळतं, असं त्याने समजावलं. हिरामण आणि भिमाजी दोघांनी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून दिली. हिरामणला निकालाची धास्ती नव्हतीच.

निकाल आला. खूण जुळत नव्हती.

"काका, एका घरात कधीतरी मुलीचा मुलगा दत्तक घेतला असेल," ललित फोनवर म्हणाला. "तिसऱ्या निरगुड्यांना तपासलं तर कोणत्या घरात ते कळेल."

"नको," हिरामण म्हणाला. पुढच्याच आठवड्यात त्याने नांदगाव गाठलं.

भिमाजीने ऐकून घेतलं. "म्हंजे मी तुझा कोणी नाय?"

"तपासणी तसं म्हणते."

"आणि त्या चकल्या? वहिनी अजून मला ऐकवते."

"ते तिच्याशीच बोल."

भिमाजी हसला. मग बियाण्यांची पुडकी उगाच सारखी करत म्हणाला, "मी गेलो तर येशील ना रे डोकं द्यायला?"

"तूच आधी जाणार कशावरून?" हिरामण म्हणाला. हे उत्तर नव्हतं, हे परतीच्या एसटीत त्याला कळलं.

तीन वर्षांनी, द्राक्षाची छाटणी ऐन रंगात असताना, भिमाजी गेला. हिरामण बागेतून घरी आला तेव्हा भावकीतला वाल्मीक ओट्यावर बसलेला.

"तात्या, तुम्हाला आता कशाचं सुतक? टेस्ट केली ना? मजूर परत मिळायचे नाय."

हिरामणने आत पाहिलं. बयाबाईने देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला होता. चुलीवर बिनफोडणीचं वरण होतं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "छाटणीचं मी बघते. लय चकल्या बुडवल्यात त्याने माझ्या."

दहाव्याला रामकुंडावर न्हाव्याने वस्तरा पाजळत विचारलं, "सख्खे का चुलत?"

"भाऊबंद," हिरामण म्हणाला, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.