ब्रँडी, साय आणि जायफळ

आमच्या घरात ब्रँडी कायम असायची, पण औषधांच्या कपाटात. बाळंतपण, पडसं, हुडहुडी अशा निमित्तानं बायकांना चमचाभर मिळे. घेताना तोंड वाकडं करायचं, हा अलिखित नियम. आवडली असं म्हणायची सोय नव्हती. नवरा आणि मोठे दीर मात्र रविवारी हॉलमध्ये ग्लास घेऊन ऐसपैस बसत आणि मी आत पापड तळत असे. नवरा गेला. दीर अजून येतात, पण डॉक्टरनं दम भरल्यापासून चहाच घेतात.

साठी झाली तेव्हा मी ठरवलं, आता ब्रँडी प्यायची ती चवीनं, आणि गोड करून. सुनेनं फोनवर कृती शोधली: ब्रँडी, कोकोचा पाक, क्रीम, बर्फ आणि वरून जायफळ. जायफळ वाचून मला हसूच आलं. हे तर श्रीखंडाचंच भावंड निघालं!

नौपाड्यातल्या दारूच्या दुकानात काउंटरवरच्या माणसानं मायेनं विचारलं, "औषधाला का, आजी?"

"नाही, प्यायला," मी म्हटलं. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच.

घरात साय असताना विकतचं क्रीम कशाला, असा माझा हिशेब. सगळं बर्फासकट बरणीत घातलं आणि दणादण हलवलं. हाताला सवय ताक घुसळायची, तो लोणी येईपर्यंत थांबतोय कशाला! उघडून बघते तर वर पांढरा गोळा आणि खाली गढूळ पाणी. सून हसून हसून ओट्याला टेकली. माझा पारा चढला. मग पाकिटातलं क्रीम आणलं, बरणी तिच्याकडे दिली आणि जायफळ तेवढं मी किसलं.

हॉलमध्ये बसून पहिला घोट घेतला. काय सुरेख लागत होतं! तोंड वाकडं झालंच नाही. तेवढ्यात बेल वाजली आणि दीर आत आले.

"हे काय पितेस गं?"

"मसाला दूध आहे, काका," सून पटकन म्हणाली. बिचारी माझी अब्रू झाकत होती. मी नुसती मान हलवली असती तरी विषय मिटला असता. पण मग जन्मभर दूधच म्हणावं लागलं असतं.

"दूध नाही, ब्रँडी आहे," मी म्हटलं.

दीर खुर्चीच्या कडेवर टेकले. उघड्या दाराकडे बघत हळूच म्हणाले, "अगं, मग निदान आत जाऊन तरी घे."

असा राग आला म्हणून सांगू!

"लग्न झाल्यापासून आतच होते, भावोजी," मी म्हटलं. "तुम्हा दोघांना कधी कुणी म्हटलं, आत जाऊन प्या म्हणून?"

त्यांनी पुन्हा दाराकडे बघितलं. दार लावायला सून उठली, तिला मी बसायला सांगितलं. आणि त्यांच्यासमोर, सावकाश, ग्लास संपवला.